विलंबाचे कारण

ताईंनी निळ्या केबलची खिट्टी अंगठ्याने दाबली, टोक बाहेर ओढलं, त्यावर एक फुंकर मारली आणि पुन्हा जागेवर बसवलं. टक् असा आवाज आला. त्यांनी मान वर करून पडद्याकडे पाहिलं. यादीत डिस्क दिसू लागली, चार सेकंद टिकली आणि नाहीशी झाली.

“पाचवी,” त्या म्हणाल्या.

“पाचवी,” मागे उभ्या असलेल्या त्यांच्या भावजयीने हातातल्या कागदावर खूण केली. मग कागद जरा खाली घेऊन ती म्हणाली, “मॅडम, सहावीच्या आधी मला एक...”

“आधी केबल. एका वेळी एकच गोष्ट.”

फुंकर मारून काही होत नाही हे ताईंना चांगलं ठाऊक होतं. पण अठ्ठावीस वर्षं सर्व्हरच्या खोल्यांमध्ये काढलेल्या माणसाला काही सवयी माफ असतात, असं त्यांचं मत होतं. तशी त्यांची मतं बरीच होती आणि त्यांतली बहुतेक बरोबर निघत, त्यामुळे पंचाईत अशी झाली होती की उरलेली कोणी तपासून बघत नसे.

हा कारखाना कापडावर छपाई करायचा. चाळीस वर्षांत काढलेली सगळी डिझाइनं, वेली, चौकटी, ठिपके, पलीकडच्या खोलीतल्या स्टोरेजच्या उंच कपाटात बारा डिस्कांवर ठेवलेली होती. सर्व्हर या खोलीत, डिस्का त्या खोलीत, आणि मध्ये नेटवर्कच्या केबली. सगळं सुरळीत असलं की सर्व्हरला त्या डिस्का आपल्याच पोटात असल्यासारख्या वाटत. आज सकाळी नऊपासून मात्र त्या त्याला सापडत होत्या आणि हरवत होत्या. छपाईची चारही यंत्रं थांबली होती.

“ताई, माझी वेल अर्ध्यात तुटलीय!” काचेचं दार ढकलून छपाईचे फोरमन आत आले. त्यांचे हात मनगटापर्यंत निळे होते. “चाळीस मीटर कापड यंत्रावर तसंच ताणून उभंय. रंग वाळला तर छपाईच्या जाळ्या धुवायला दिवस जाईल.”

“अर्धा तास द्या.”

“अर्धा म्हणजे तुमचा अर्धा की साहेबांचा अर्धा?”

“माझा.”

फोरमन समाधानाने गेले. ताईंचा अर्धा तास म्हणजे तीस मिनिटं, हे कारखान्यात सर्वांना माहीत होतं.

साहेब, म्हणजे या विभागाचे प्रमुख, दाराशीच घुटमळत होते. थंडी बाधते म्हणून ते सर्व्हरच्या खोलीत कधी पाऊल टाकत नसत. तिथूनच त्यांनी आवाज चढवला, “शनिवारी नव्या सर्व्हरच्या केबली कोणी लावल्या?”

“मी,” भावजय म्हणाली.

“तरीच,” साहेब म्हणाले आणि निघून गेले.

त्या एका शब्दात काय होतं ते दोघींनाही कळलं. भावजयीची सहा महिन्यांची उमेदवारी आज संपत होती. तिला कायम करायचं, मुदत वाढवायची की निरोप द्यायचा, हे संध्याकाळपर्यंत ताईंनी लिहून द्यायचं होतं. घरातलंच माणूस आहे म्हणून साहेब या बाबतीत दुप्पट काटेकोर होते आणि ताई चौपट. तो मूल्यांकनाचा कागद ताईंच्या टेबलाच्या खणात होता. त्यावर त्यांनी शुक्रवारीच पेन्सिलने लिहून ठेवलं होतं: हुशार. काम नीटनेटकं. पण स्वतःहून बोलत नाही. आणि त्याच्यापुढे, मुदत वाढवावी काय, असं लिहून मोठं प्रश्नचिन्ह.

हे त्यांनी दुष्टाव्याने लिहिलं नव्हतं. त्यांना ही मुलगी आवडायची. धाकट्या भावाची बायको म्हणून चार वर्षांपूर्वी घरात आली तेव्हापासून आवडायची. पण ताईंच्या मते या धंद्यात घुमं माणूस चालत नाही. यंत्रं बंद पडतात तेव्हा समोरच्याच्या तोंडावर स्पष्ट सांगता आलं पाहिजे. घरीही तेच. ताई दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या आणि रोज संध्याकाळी आईला भेटायला भावाकडे जायच्या. पडदे बदला म्हटलं की भावजय “हं” म्हणायची. मिसळणाचे डबे उंचीप्रमाणे लावून दिले तरी “बरं” म्हणायची. दुसऱ्या दिवशी डबे पुन्हा पहिल्यासारखे, पण बोलणं म्हणून नाही.

आणखी एक गंमत होती. कारखान्यात झाडून सगळे त्यांना ताई म्हणत, अगदी साहेबसुद्धा, जे त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठे होते. एकट्या भावजयीने मात्र कामावर त्यांना मॅडम म्हणायचं, असा ताईंचाच दंडक होता. म्हणजे जिला ताई म्हणायचा खरा हक्क, तीच तेवढी मॅडम म्हणायची.

“सोळावी,” ताई म्हणाल्या.

“सोळावी.” भावजयीने शेवटची खूण केली.

सोळाही टोकं ठणठणीत होती. ताईंना मनातून बरंच वाटलं. केबली इतक्या सुबक बांधल्या होत्या की त्यांना स्वतःलासुद्धा तशा जमल्या नसत्या. प्रत्येक टोकाला चिठ्ठी, प्रत्येक वळणाला सारखा बाक. पण बरं वाटून यंत्रं सुरू होत नाहीत. त्यांनी शाल खांद्यावर घट्ट ओढली, स्टूल ओढून पडद्यासमोर बसल्या आणि सर्व्हरची नोंदवही उघडली. ओळींमागून ओळी सरकू लागल्या. जोडणी झाली. जोडणी तुटली. जोडणी झाली. जोडणी तुटली.

“हे बघ,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज आता हलका झाला होता; अशा वेळी त्यांना आपलं काम फार आवडायचं. “वेळा बघ. चार सेकंद, चार सेकंद, चार सेकंद. सैल केबल अशी वागते का? सैल केबल लहरी असते. मनात येईल तेव्हा तुटते. ही तर घड्याळ लावून तुटतेय. म्हणजे केबल नाहीच.”

“नाही,” भावजय म्हणाली.

“नेटवर्क स्विचवर एकही चूक नाही. कपाटातल्या डिस्कांचे दिवे बाराच्या बारा हिरवे. मग राहिलं काय?”

 भावजयीने आपल्या नेहमीच्या पद्धतीने, शिकाऊ माणसासारखं विचारलं, “मॅडम, ही जोडणी तोडतं कोण? आपला सर्व्हर हात सोडतो, की पलीकडून स्टोरेजच त्याला बाहेर काढतं?”

“चांगला प्रश्न आहे,” ताई म्हणाल्या. तो त्यांच्याही ओठांवर आलाच होता असं त्यांना वाटलं. त्यांनी स्टूल फिरवून दुसरा पडदा पुढे घेतला आणि स्टोरेजच्या बाजूची नोंदवही उघडली.

तिथे सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. स्टोरेजकडे डिस्का मागायला येणाऱ्या प्रत्येक सर्व्हरने आपलं नाव सांगायचं असतं. त्या नावावरून स्टोरेज यादी बघतं आणि डिस्का हवाली करतं. इथे एकाच नावाचा पाहुणा दर चार सेकंदांनी नव्याने येत होता. स्टोरेजला वाटत होतं, हा मघाचाच, काही कारणाने परत आलाय. म्हणून ते मघाच्याला काढून याला बसवत होतं. काढलेला लगेच परत यायचा आणि बसलेल्याला उठवायचा. एका खुर्चीवरून दोघं एकमेकांना उठवत होते. नाव एक, पण येण्याचे पत्ते दोन.

ताईंनी दुसरा पत्ता वाचला. तो नव्या सर्व्हरचा होता.

त्या उठल्या. चार पावलांवर नवा सर्व्हर होता, आज सकाळी नऊलाच पहिल्यांदा सुरू केलेला; त्याच्या पुढ्यावरचं पारदर्शक प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. त्यांनी त्याचं नाव पडद्यावर आणलं आणि एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं. जुन्या सर्व्हरचंच नाव. कानामात्रेचाही फरक नाही.

नवा सर्व्हर शुक्रवारी जुन्यावरून हुबेहूब नकलून काढलेला होता. तशी नक्कल केली की आतल्या सगळ्याबरोबर नावही उतरतं, म्हणून ते शेवटी बदलायचं असतं. नवा सर्व्हर बसवताना करायच्या कामांच्या यादीत अकरावा मुद्दा तोच होता. ती यादी ताईंनीच केलेली होती आणि तिच्यावर त्यांचाच एक नियम ठळक अक्षरात होता: काम करणाऱ्याने खूण करायची नाही, दुसऱ्याने तपासून करायची. शुक्रवारी दुसरं कोणी नव्हतं. भावजय सासूबाईंना गुडघ्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली होती, आणि तिला ताईंनीच पाठवलं होतं. आईला तू ने, इथलं मी बघते. मग त्यांनी नक्कल एकटीने केली, खुणाही एकटीने केल्या. एक ते बारा, एका दमात. मी केलंय म्हणजे झालंय.

त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली यादी काढून पाहिली. अकराव्या मुद्द्यासमोर त्यांच्या हातची ऐटबाज खूण होती.

“अगं, माझीच चूक आहे ही,” ताई म्हणाल्या.

भावजय यादी हातात घेऊन पडद्याशी आली. ताईंनी नाव बदललं, तिने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि खूण केली. डिस्क यादीत आली. चार सेकंद झाले. दहा झाले. मिनिट झालं. बाहेरून पहिलं यंत्र सुरू झाल्याचा आवाज आला, मग दुसरं.

ताईंचा अर्धा तास संपायला दोन मिनिटं बाकी होती.

चूक कबूल करायला ताई कधी कचरल्या नाहीत, आणि हा आपला मोठा गुण आहे हेही त्यांना माहीत होतं. त्या तडक छपाईच्या दालनात गेल्या. चालू यंत्राशेजारी फोरमन आणि साहेब दोघंही उभे होते. निळी वेल तुटल्या जागेपासून पुढे सरकू लागली होती.

“चूक माझी होती,” त्यांनी यंत्राच्या आवाजावर आवाज चढवून सांगितलं. “नव्या सर्व्हरचं नाव बदलायचं राहिलं. केबलींचा काही संबंध नाही. केबली एक नंबर आहेत.”

“तुमची?” फोरमननी डोळे मोठे केले. “आज तारीख लिहून ठेवायला हवी.”

आसपासचे दोघंतिघं हसले, ताईही हसल्या. त्यांना छान मोकळं वाटलं.

“मग मी ‘तरीच’ म्हणालो ते मागे घेतो,” साहेब म्हणाले. “आणि तिच्या मूल्यांकनाचं काय? कायम करायचं ना?”

 केबलींचा डाग पुसला गेला होता, पण पेन्सिलची ओळ होती तिथेच होती. “दुपारी सांगते,” त्या म्हणाल्या.

दुपारी त्या अहवाल लिहायला बसल्या. बिघाडाच्या अहवालाचा छापील नमुना होता. बिघाड केव्हा सुरू झाला, कारण काय, ते कोणाच्या लक्षात आलं, केव्हा आलं, दुरुस्ती केव्हा झाली. शेवटी एक मोठा रकाना, विलंबाचे कारण. कारण लक्षात येणं आणि बिघाड दुरुस्त होणं यांत पाच मिनिटांपेक्षा जास्त गेली तर तो भरायचा. ताईंच्या अहवालात तो नेहमी कोरा असायचा.

अचूक वेळा हव्यात म्हणून त्यांनी सर्व्हरकडून सकाळची जंत्री मागवली. कोणी, कुठली कमांड, किती वाजता दिली, हे सर्व्हर न विसरता लिहून ठेवतो. ताई स्वतः नऊ वाजून बावीस मिनिटांनी खोलीत आल्या होत्या. त्यांच्या पहिल्या कमांडच्या वर तीन ओळी होत्या. कमांड देणाऱ्याच्या जागी भावजयीचं नाव.

नऊ दहा: स्टोरेजकडच्या पाहुण्यांची यादी. नऊ अकरा: जुन्या सर्व्हरचं नाव. नऊ बारा: नव्या सर्व्हरचं नाव.

ताईंनी त्या तीन ओळी पुन्हा वाचल्या. याच्यात अंदाज नव्हता, चाचपडणं नव्हतं. जिथे बघायचं तिथेच, त्याच क्रमाने तिने बघितलं होतं, आणि मग हात मागे घेतले होते, कारण एकटीने काही बदलायचं नाही हाही ताईंचाच नियम. त्यानंतर तीच मुलगी सोळा केबली एकेक करून तपासताना मागे उभी राहून खुणा करत होती. सोळाव्या खुणेपर्यंत.

त्यांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. पहिला आला तो राग. सांगायला काय झालं होतं? चारही यंत्रं बंद, फोरमन दारात, आणि ही ढिम्म. मग त्यांना आठवलं की ती ढिम्म नव्हती. सहावीच्या आधी मला एक, एवढं ती बोलली होती.

आणि मग तो प्रश्न आठवला. जोडणी तोडतं कोण? किती निरागसपणे विचारला होता. त्याच्यामागोमाग त्यांना असे आणखी प्रश्न आठवू लागले. गेल्या महिन्यात बॅकअप अडला तेव्हाचा. त्याआधी नव्या स्विचच्या वेळचा. एक विचारू का मॅडम, म्हणून सुरू होणारे. प्रत्येक वेळी त्या म्हणाल्या होत्या, चांगला प्रश्न आहे, आणि प्रत्येक वेळी उत्तर त्यांना स्वतःला सुचलं होतं. निदान तसं वाटलं होतं. ताईंना मनापासून लाज वाटली. अठ्ठावीस वर्षांत अशी वाटली नव्हती. सकाळी दालनात चूक कबूल करताना आपण केवढ्या खुशीत होतो, हे आठवून तर जास्तच.

शेवटी त्यांनी अहवाल पुढे ओढला. मग पेन उघडलं आणि लिहू लागल्या. कोणाच्या लक्षात आलं: इथे त्यांनी भावजयीचं नाव लिहिलं. केव्हा आलं: नऊ वाजून बारा. दुरुस्ती: नऊ वाजून अठ्ठावन्न. मधली शेहेचाळीस मिनिटं शेवटच्या रकान्यात जाणं भाग होतं. तिथे त्यांनी एकच वाक्य लिहिलं, जिला कारण माहीत होतं तिला मी बोलू दिलं नाही, आणि खाली सही केली.

मग खणातून मूल्यांकनाचा कागद काढला. खोडरबराने शेवटची दोन वाक्यं पुसली, प्रश्नचिन्हासकट, आणि शाईने लिहिलं, कायम करावे. दोन्ही कागद घेऊन त्या साहेबांकडे गेल्या.

साहेबांनी अहवाल वाचला. शेवटच्या रकान्यापाशी त्यांनी चष्मा सारखा केला.

“ताई, हा वरपर्यंत जातो. हे असंच ठेवायचं?”

“असंच.”

“नमुन्यात हे बसत नाही. तांत्रिक कारण लिहायचं असतं.”

“कारण हेच आहे,” ताई म्हणाल्या. “पुढच्या वेळी टाळायचं असेल तर खरं कारण लिहायला नको?”

साहेबांनी दोन्ही कागदांवर सह्या केल्या.

भावजय आपल्या जागेवर शनिवारच्या उरलेल्या चिठ्ठ्या पाकिटात भरत होती. ताई तिच्या टेबलाच्या कोपऱ्यावर टेकल्या. असं त्या कधी कोणाच्या टेबलाला टेकत नसत, त्यामुळे तिचे हात थांबले.

“साहेबांनी सही केली. कायम झालीस.”

तिने एकदम वर पाहिलं. तिचे डोळे भरून आले आणि ते लपवायला तिने पाकीट उगाच पुन्हा उघडलं. “थँक्यू, मॅडम.”

“थँक्यू काय म्हणतेस. नऊ बाराला कळलं होतं तुला.”

तिने पाकीट खाली ठेवलं. “हो.”

“मी यायच्या आधीच साहेबांना का नाही सांगितलंस? दहा मिनिटं होती हातात.”

“तुमच्या माघारी तुमची चूक सांगायची? बरं दिसलं नसतं.”

“आणि मी आल्यावर?”

“आल्यावर सांगायला लागले होते.”

“मग रेटून सांगायचंस ना. घसा फोडून. मी काय खाते की काय?”

“घसा फोडला असता,” भावजय शांतपणे म्हणाली, “तर चूक माझ्या आवाजाची निघाली असती.”

 पलीकडे यंत्रांची घरघर चालू होती. ताईंनी शेजारच्या टेबलाची रिकामी खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर नीट बसल्या.

“असं मला सांगायचं राहिलेलं आणखी काही आहे का गं?”

भावजयीने त्या थट्टा करताहेत का ते पाहण्यासाठी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे थट्टा नव्हती. मग तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वातीन वाजले होते.

“वेळ आहे तुम्हाला?”

“आहे.”

“भरपूर?”

“सांग तू.”

तिने आपली खुर्ची पुढे सरकवली, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि दीर्घ श्वास घेतला.

“आधी ऑफिसचं सांगू,” ती म्हणाली, “की घरचं?”